काडी माझ्याच हातची

“तुझ्याशिवाय आमचं पान हलत नाही, आणि तीच अडचण आहे.”

माझ्या मॅनेजरने अप्रेझलच्या खोलीत हे इतक्या सहज म्हटलं की पहिल्या अर्ध्या वाक्यावरच मी मान डोलवली. उरलेलं अर्धं डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. प्रिन्सिपल इंजिनिअरच्या जागेसाठी मी दुसऱ्यांदा अर्ज केला होता आणि दुसऱ्यांदा नकार आला होता. पहिल्या वेळी ‘यंदा जागाच नाहीत’ असं कारण मिळालं होतं, ते पचलं. हे काही पचेना. 16 वर्षं डेटाबेस सांभाळतेय. त्यातली 9 याच टीममध्ये. आणि मी नसले तर अडतं, हा माझा दोष?

मी काही बोलले नाही. जागेवर आले, सकाळपासून रेंगाळणारी एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, उघडली आणि वीसेक मिनिटांत तिचा निकाल लावला. राग आला की मी हेच करते. बाकीचे लोक फिरायला जातात म्हणे.

माझी कामाची पद्धत आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. काळा स्क्रीन, एक टर्मिनल, उजव्या हाताशी वही. बदल कुठलाही असो, थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात त्या चालू डेटाबेसवर, जायचं आणि डोळ्यांत तेल घालून हातानेच करायचा. आधी बिगिन, म्हणजे ट्रान्झॅक्शन (बदलांचा एक गठ्ठा) सुरू, मग कमांड, मग किती ओळी बदलल्या तो आकडा बघायचा. मनातल्या आकड्याशी जुळला तर कमिट, म्हणजे बदल पक्का, नाहीतर रोलबॅक, म्हणजे सगळं पूर्ववत. वहीत माझ्या खुणा: कुठल्या टेबलला दिवसा हात लावायचा नाही, कुठल्या सर्व्हरची डिस्क महिन्याअखेरीस फुगते, कुठला रिपोर्ट कधी कुणी चालवतो आणि त्यामुळे काय अडतं. अशा 7 वह्या झाल्यात. त्यातलं अक्षर कधीकधी माझं मलाही लागत नाही.

आणि रात्रीचे फोन. पावणेतीनला फोन वाजणार, मी उठणार, लॅपटॉप उघडणार, पाच-दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. सकाळी चॅटवर टाळ्यांच्या चित्रांची रांग. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. ‘कसं काय इतक्या लवकर सापडलं?’ असं कुणी विचारलं की मी ‘अंदाज’ म्हणायचे. झाकली मूठ.

नकारानंतरच्या आठवड्यात मी सगळे करतात तेच केलं, दुसरीकडे अर्ज टाकले. स्विच मारायचा म्हणजे निदान आपली किंमत तरी कळते. तीनपैकी एका मुलाखतीने मात्र माझं डोकं फिरवलं. समोर माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान मुलगी होती. तांत्रिक प्रश्न झाले, ते सगळे जमले. मग तिने विचारलं, प्रॉडक्शनवर बदल कसा करता, जरा सुरुवातीपासून सांगा. मी सांगितलं, थोडं रंगवूनच. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तुम्ही एंटर दाबायच्या आधी ती कमांड दुसरं कोण बघतं?”

मी म्हणाले, “मीच दोनदा बघते.”

ती हसली नाही, काही लिहिलंही नाही. “बरं,” म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. त्या ‘बरं’मध्ये सगळं आलं. ती नोकरी मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

त्या रविवारी मी मागच्या 12 महिन्यांच्या ऑन-कॉलच्या नोंदी काढून बसले. उद्देश फार उदात्त नव्हता. मी किती वेळा रात्र वाचवली याची यादी करून मॅनेजरच्या तोंडावर मारायची होती. 38 फोन निघाले. प्रत्येकापुढे कारण लिहीत गेले. तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच हात मंदावला.

मार्चमधली डिस्क भरल्याची रात्र घ्या. ती माझी गाजलेली रात्र. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये रेप्लिकासाठी, म्हणजे मुख्य सर्व्हरची सतत नक्कल ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरसाठी, एक रेप्लिकेशन स्लॉट असतो. पलीकडचा रेप्लिका जोवर बदल वाचून घेत नाही, तोवर मुख्य सर्व्हर त्या बदलांच्या नोंदींच्या फाइली, म्हणजे वॉल, जपून ठेवतो. रेप्लिका कायमचा गेला आणि स्लॉट तसाच राहिला, तर सर्व्हर बिचारा वाट बघत फाइली साठवत बसतो, डिस्क तुडुंब भरेपर्यंत. त्या रात्री मी चार मिनिटांत तो अनाथ स्लॉट ओळखून काढून टाकला. सगळे थक्क. चार मिनिटांत कसा ओळखला? कारण तीन आठवड्यांपूर्वी एका चाचणीसाठी तो मीच हाताने बनवला होता आणि विसरले होते. कुठल्याही फाइलीत त्याची नोंद नव्हती. असलीच तर माझ्या वहीत, आणि तीही नव्हती.

38 पैकी 11 फोन असे निघाले. माझ्या हाताने झालेला, कुणालाच माहीत नसलेला बदल आणि त्याचं आठवड्या-महिन्याने फुटलेलं फळ. आणखी 15 फोन त्याच त्या चार कारणांचे, जी मी दर वेळी ‘तात्पुरती’ मिटवली होती. मी आगी विझवते असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. त्यातल्या बऱ्याच आगींची काडी माझ्याच हातची होती. ती यादी मी मॅनेजरला दाखवली नाही. अजूनही नाही.

नकारावर मॅनेजरने एक सोपा रस्ता सुचवला होता: तू मॅनेजर हो. मी तीन महिने करून पाहिलं. दोन माणसं माझ्या हाताखाली, दिवसाला पाच-सहा मीटिंगा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणून मी त्याची टिंगल करायचे, ते तसं नाही हे कळलं. अवघड काम आहे, आणि ज्याला माणसांत गोडी आहे त्यानेच करावं. मला माणसांपेक्षा क्वेरी प्लॅनमध्ये, म्हणजे डेटाबेस उत्तर कसं शोधतो त्या आराखड्यात, जास्त रस आहे. तीन महिन्यांनी ते परत केलं. म्हणजे प्रश्न राहिला तो हाच: हेच काम करायचं, पण ते कसं करायचं.

याच दिवसांत मी गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणाऱ्या सेवेच्या त्या प्रसंगाचा अहवाल पुन्हा वाचला. आमच्या धंद्यात तो सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेला असतो आणि ‘अरेरे’ म्हणून मिटवलेला असतो. 31 जानेवारी 2017ची रात्र. रेप्लिका मागे पडलाय, इंजिनिअर कितीतरी तास त्याच्या मागे लागलाय, दमलाय. रेप्लिकावरची डेटाची डिरेक्टरी रिकामी करून नव्याने सुरुवात करावी म्हणून तो ती पुसायला घेतो आणि कमांड चालते मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात येतं, तो थांबवतो, पण सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरलेले असतात. मग बॅकअप शोधायला जातात, तर रोजचा बॅकअप मुळात होतच नव्हता. सर्व्हर 9.6चा आणि बॅकअपचं हत्यार 9.2चं, त्यामुळे ते दर वेळी चूक दाखवून बंद पडत होतं. त्या चुकीचे ईमेल जात होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता, म्हणून कुणापर्यंत पोहोचतच नव्हते. शेवटी चाचणीच्या कामासाठी सुमारे सहा तास आधी कुणीतरी सहज घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर, म्हणजे त्या क्षणीच्या नकलेवर, सगळं उभं केलं. सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. हे सगळं त्यांनी स्वतः जगासमोर मांडलं, दुरुस्ती चालू असताना थेट प्रक्षेपणासकट.

पहिल्यांदा वाचला तेव्हा मी त्या इंजिनिअरकडे बघून हळहळले होते. या वेळी त्याच्या खुर्चीत मीच दिसले. रात्र, थकवा, दोन टर्मिनल, एकसारखी नावं आणि ‘मीच दोनदा बघते’.

मग बॅकअपचा विषय निघालाच आहे तर, म्हणून मी आमचा बॅकअप रिस्टोअर करायला घेतला. वेगळ्या सर्व्हरवर, सोमवारी सकाळी, निवांत. शेवटचा रिस्टोअर मी सात महिन्यांपूर्वी केला होता. डेटाबेस पडला तर किती वेळात उभा राहील, याला मी सगळीकडे ‘तीन तास’ असं उत्तर देत आले होते. तो आकडा कधीकाळी खरा होता. त्या सोमवारी 9 तास 10 मिनिटं लागली. बॅकअप चांगला होता, एकही ओळ हरवली नव्हती. पण डंप, म्हणजे डेटाची लिहून काढलेली नक्कल, परत भरताना सगळे इंडेक्स, म्हणजे डेटा पटकन शोधायच्या सूच्या, पहिल्यापासून बांधावे लागतात, आणि सात महिन्यांत डेटा तर वाढला होताच, इंडेक्सही वाढले होते. संध्याकाळी स्क्रीनवर शेवटचा इंडेक्स सरकताना बघत बसले होते. आपण किती ठिकाणी किती आत्मविश्वासाने ‘तीन तास’ म्हणालो, ते एकेक आठवत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःला एकच नियम घातला. जी कमांड आधी फाइलमध्ये लिहिलेली नाही आणि दुसऱ्या एका माणसाने वाचलेली नाही, ती प्रॉडक्शनवर चालवायची नाही. आग लागलेली असेल तर अपवाद, पण मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती फाइलमध्ये आलीच पाहिजे.

पहिले दोन महिने मी वैतागून गेले. सहा मिनिटांच्या कामाला दोन दिवस. रिव्ह्यू करणारा टीममधला सगळ्यात धाकटा, कारण बाकी कुणाला वेळ नव्हता. तो प्रत्येक ओळीला विचारायचा. इंडेक्स ‘कॉन्करंटली’ का बनवायचा? साध्या पद्धतीने बनवला तर तो पूर्ण होईपर्यंत त्या टेबलवरचं लिखाण थांबतं म्हणून. मग नेहमीच कॉन्करंटली का नाही? कारण वेळ जास्त लागतो, ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही आणि मध्येच फसलं तर एक निकामी इंडेक्स मागे ठेवून जातं, तो आठवणीने काढावा लागतो. हे मला इतकं अंगवळणी पडलेलं की शब्दांत मांडताना जीभ अडखळत होती. उत्तर तिसऱ्यांदा द्यायची वेळ आली तेव्हा कंटाळून लिहूनच काढलं. आमच्या टीमच्या रनबुकचं, म्हणजे कुठलं काम कसं करायचं ते पायरीपायरीने सांगणाऱ्या पुस्तकाचं, पहिलं पान ते. दूरदृष्टीबिष्टी काही नव्हती, कंटाळा होता.

आणि मग एके दिवशी त्याने मला पकडलं. एका मोठ्या टेबलमध्ये एक कॉलम वाढवायचा होता. काम क्षणाचं, पण त्याला टेबलवर सगळ्यात कडक लॉक, म्हणजे इतर सगळ्यांना अडवणारं कुलूप, लागतो. आधीच एखादी लांबलचक क्वेरी चालू असेल तर आपली कमांड तिच्यामागे रांगेत उभी राहते, आणि आपल्या मागून येणारा प्रत्येक जण आपल्यामागे. बघता बघता सगळं ॲप ठप्प. धाकट्याने फाइल वाचली आणि विचारलं, “लॉक मिळाला नाही तर?”

“मी बघत असते ना. दोन-तीन सेकंदांत सरकलं नाही तर कंट्रोल-सी.”

“पण तुम्ही स्क्रीनकडे बघत बसता, हे फाइलमध्ये कुठे आहे?”

नव्हतंच. ते माझ्या करंगळीत होतं. लॉक-टाइमआउट नावाची एक सेटिंग आहे, एका ओळीत मावते. इतके सेकंद थांब, नाही मिळाला तर स्वतःहून माघार घे. मला ती अर्थातच माहीत होती. दुसऱ्यांना शिकवलीही होती. स्वतः कधी वापरली नव्हती, कारण मी असायचेच. 16 वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, कारण कुणाला बघूच दिलं नव्हतं.

आता तोटाही सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. त्या वर्षी माझं रेटिंग घसरलं. एक पायरी खाली. रात्रीचे फोन 38वरून 14वर आले होते, म्हणजे मी दिसतच नव्हते. चॅटवर टाळ्या नाहीत, पहाटेची शौर्यकथा नाही. फॉर्मात ‘या वर्षातली कामगिरी’ या रकान्यासमोर मी कितीतरी वेळ बसले आणि शेवटी ‘रनबुकची 23 पानं लिहिली’ असं लिहिलं. वाचणाऱ्याला ते शाळेतल्या गृहपाठासारखं वाटलं असणार. चूक त्यांचीही होती आणि माझीही. माझी जास्त. जे घडलंच नाही ते लिहायची भाषा मला येत नव्हती.

ती नंतर थोडी आली. उदाहरण सांगते. पोस्टग्रेस प्रत्येक ट्रान्झॅक्शनला एक क्रमांक देतो आणि तो 32 बिटांचा असतो. म्हणजे सुमारे 4 अब्ज क्रमांक झाले की चक्र पुन्हा पहिल्यापासून. जुनं कुठलं आणि नवं कुठलं हा गोंधळ होऊ नये म्हणून जुन्या ओळी वेळोवेळी ‘गोठवाव्या’ लागतात. ते काम ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे डेटाबेसचाच साफसफाईचा प्रोग्रॅम, मागे बसून करतो. टेबलचं वय, म्हणजे त्यातली सगळ्यात जुनी न गोठवलेली ओळ किती ट्रान्झॅक्शन मागची आहे ते, 20 कोटींपलीकडे गेलं की तो मूळ सेटिंगप्रमाणे जबरदस्तीने सुरू होतो. तरी काही कारणाने मागे पडत गेला आणि वय 2 अब्जांच्या आसपास पोहोचलं, तर डेटाबेस स्वतःच्या सुरक्षेसाठी नवं लिखाण घेणं थांबवतो. 2015मध्ये सेंट्री (प्रोग्रॅममधल्या चुका टिपणारी सेवा) आणि 2019मध्ये मँड्रिल (ईमेल पाठवणारी सेवा) या कारणाने अडखळले होते. चांगली, जाणकार माणसं असताना.

आमचंही एक टेबल 1 अब्ज 10 कोटींवर गेलेलं होतं. कारण काय, तर रिपोर्टचा एक जुना प्रोग्रॅम ट्रान्झॅक्शन उघडून दिवसेंदिवस तसंच लटकत ठेवत होता, आणि त्यामुळे व्हॅक्यूमला जुनं काही गोठवताच येत नव्हतं. पूर्वीची मी असते तर वहीत एक खूण केली असती आणि दर शनिवारी हाताने ते ट्रान्झॅक्शन मारलं असतं. या वेळी त्या वयाचा आलेख काढून सगळ्यांना दिसेल असा लावला, 50 कोटींवर अलर्ट ठेवला आणि रिपोर्टवाल्यांकडून तो प्रोग्रॅम दुरुस्त करून घेतला. यातलं शेवटचं सगळ्यात कठीण, चार मीटिंगा लागल्या. फॉर्मात लिहिलं: ‘लिखाण बंद पडण्याचा धोका 1.1 अब्जवरून 21 कोटींवर आणला. आलेख जोडला आहे.’ रिस्टोअरचंही तसंच. डंपऐवजी फाइलींचा बेस बॅकअप आणि त्यावर वॉल, अशी रचना केली, म्हणजे इंडेक्स तयारच येतात. 9 तास 10 मिनिटांचे 2 तास 15 मिनिटं झाले. महिन्यातून एकदा रिस्टोअर करून तो आकडा नव्याने लिहायचा. आता कुणी विचारलं की मी गेल्या महिन्यातला आकडा सांगते.

सगळंच बदललं असं मात्र नाही. काही गोष्टी मी हट्टाने ठेवल्या. क्वेरी प्लॅन मी अजून स्वतःच, एकटीने, ओळ न् ओळ वाचते. विचार करायला अजून वहीच लागते, फक्त सुचलेलं संध्याकाळी फाइलीत उतरवते. रोजच्या ‘जरा पाच मिनिटं बोलूया’ मीटिंगला मी जात नाही. सकाळचे पहिले अडीच तास चॅट बंद. मुख्य सर्व्हर पडला तर रेप्लिकाने आपोआप गादीवर बसावं, ही व्यवस्था सगळ्यांनी सुचवली, मी करून पाहिली आणि काढून टाकली. आमचं नेटवर्क मध्येमध्ये उचकी देतं. दोन सर्व्हरांना एकाच वेळी आपणच राजे आहोत असं वाटलं, तर त्यातून निघणारा डेटाचा गुंता दहा मिनिटांच्या बंदपेक्षा कितीतरी महाग पडतो. तिथे जागं होऊन, बघून, हो म्हणणारा माणूस हवा. यावर टीममध्ये अजून वाद आहे, आणि उद्या नेटवर्क सुधारलं तर मी माझं मत बदलेनही. तूर्त नाही.

मधे एकदा पहाटे जाग आली तर फोनवर अलर्ट आणि त्याखाली धाकट्याचा मेसेज, ‘झालं, पान 14 प्रमाणे.’ मी पान 14 उघडून बघितलं. त्याने त्यात एक पायरी वाढवली होती आणि ती बरोबर होती. परत झोप लागली नाही. आनंद झाला म्हणावं, तर तसंही नव्हतं. कुणीतरी न विचारता आपल्या स्वयंपाकघरात शिरून डबे नीट लावून ठेवावेत, तसं काहीतरी.

तिसऱ्यांदा अर्ज करतेय. फॉर्म शुक्रवारी द्यायचाय. यंदा त्यात एक नवा रकाना आहे: ‘तुमच्या अनुपस्थितीत हे काम कोण करू शकतं?’ दोन वर्षांपूर्वी मी तो अभिमानाने रिकामा सोडला असता. आता तिघांची नावं लिहिली. तिसरं नाव लिहिताना पेन अडलं, कारण तिने अजून एकदाही रिस्टोअर एकटीने केलेला नाही. बुधवारी तिच्याकडून करून घ्यायचं ठरलंय. मी त्या वेळी खोलीत नसेन, फोनही खणात ठेवणार आहे. 2 तास 15 मिनिटं काय करायचं, ते अजून ठरवलेलं नाही.